जुन्या बिअरच्या कृतीतले आकडे जुळत नाहीत? आधी ‘क्वार्टर’ कोणतं ते बघा

वीस लिटरच्या पातेल्यासाठी ४३० ग्रॅम माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. काट्यावर हा आकडा दिसला तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. एवढ्या माल्टमध्ये बिअर होत नाही, फार तर सातूचं पाणी होतं, आजारी माणसाला देतात तसं. गणित तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. समोर होती एका इंग्लिश ब्रुअरीच्या एकोणिसाव्या शतकातल्या रोजच्या नोंदवहीच्या पानाची प्रत, आणि त्यावर स्वच्छ लिहिलं होतं: माल्ट १० क्वार्टर, हॉप्स ८ पौंड, बिअर ३६ बॅरल. (आकडे इथे गोल केलेत, म्हणजे हिशेब तोंडी करता येईल. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं.)

माझी चूक अशी की शाळेतल्या तक्त्याप्रमाणे २८ पौंडांचं एक क्वार्टर धरलं. पौंड, क्वार्टर, हंड्रेडवेट, टन या मालिकेतलं. ते दुरुस्त केलं आणि लगेच पुढच्या खड्ड्यात पडले: ८ पौंड हॉप्स ‘दर बॅरलला’ असं वाचलं. वीस लिटरला ४४३ ग्रॅम हॉप्स. या वेळी मात्र काट्यावर विश्वास ठेवला आणि उकळून मोकळी झाले. नवऱ्याने एक घोट घेतला, ग्लास शांतपणे खाली ठेवला आणि विचारलं, “काडेचिराईत कुणाला झालंय?” सगळं बेसिनमध्ये गेलं. हॉप्स स्वस्त नसतात.

तेव्हापासून अशा पाच-सहा कृती सोडवल्या आणि दर वेळी अडखळण्याच्या जागा त्याच निघाल्या. म्हणून हे लिहून ठेवतेय. मी इंग्लंडमध्ये राहते; इथे घरी बिअर करायला लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, तेव्हा तिथल्या वाचकांनी गणितापुरतंच वाचावं. गणित करायला परवाना लागत नाही.

क्वार्टर हे वजन नव्हे, पायली आहे

आजीकडे पायली होती. पायलीभर बाजरी आणि पायलीभर पोहे यांचं वजन एक येत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. शिवाय माप सपाट भरलं की शिगोशीग, यावरून भांडणं होत ती वेगळीच. इंग्लिश बुशेल ही तशीच पायली आहे. आठ गॅलनचं माप, इम्पीरियल असेल तर ३६.३७ लिटर. आठ बुशेल म्हणजे धान्याचं एक क्वार्टर.

व्यापार वाढला तसं मापाऐवजी वजन ठरवून घेणं सोयीचं झालं आणि प्रत्येक धान्याच्या बुशेलला आपापलं वजन चिकटलं. माल्टचं बुशेल ४२ पौंड, जवाचं ५६ पौंड. माल्ट हलका का? जवाला मोड आणून तो भट्टीवर वाळवला की दाणा फुगलेला राहतो पण पाणी गेलेलं असतं. म्हणून माल्टचं क्वार्टर ३३६ पौंड, म्हणजे १५२ किलो. जवाचं क्वार्टर ४४८ पौंड, म्हणजे २०३ किलो. आणि वजनाच्या तक्त्यातलं क्वार्टर २८ पौंड, १२.७ किलो. तिन्ही ‘क्वार्टर’च. अमेरिकेत गेलात तर आणखी एक भर: तिथे माल्टचं बुशेल ३४ पौंडांचं.

गंमत अशी की ही दोन वेगळी क्वार्टरं एकाच पानावर सुखाने नांदतात. माल्टच्या रकान्यात १२-४ असं दिसलं तर ते बारा क्वार्टर चार बुशेल, म्हणजे साडेबारा. ‘बारा पूर्णांक चार दशांश’ नव्हे. आणि शेजारी साखरेच्या रकान्यात २-१-१४ असं असेल तर ते हंड्रेडवेट, क्वार्टर, पौंड. इथलं क्वार्टर २८ पौंडांचं. शिवाय इंग्लिश हंड्रेडवेट शंभर नव्हे, ११२ पौंडांचं असतं (अमेरिकन मात्र खरोखर शंभराचं). म्हणजे २२४ अधिक २८ अधिक १४, एकूण २६६ पौंड, साधारण १२१ किलो. तीन आकडे ओळीने दिसले की कुणी दशांशचिन्ह कल्पू नये एवढंच.

आता माझं पान पुन्हा: १० क्वार्टर म्हणजे १५२४ किलो, ३६ बॅरल म्हणजे ५८९२ लिटर. वीस लिटरला ५.१७ किलो माल्ट. हे बिअरसारखं दिसतं.

हॉप्सचे ८ पौंड ‘दर क्वार्टर माल्टला’ होते. जितकी बिअर दणकट तितकं माल्ट जास्त, आणि जितकं माल्ट तितके हॉप्स, म्हणून ब्रुअर हॉप्सचा हिशेब माल्टवर ठेवत. एकूण ८० पौंड, वीस लिटरला १२३ ग्रॅम. हेही आजच्या मानाने भरपूरच आहे, पण साठवणीच्या पेल एलला, म्हणजे फिकट रंगाच्या इंग्लिश बिअरला, शोभणारं. वहीत ‘दर क्वार्टर’ हे शब्द बहुधा लिहिलेलेच नसतात. ज्याने लिहिलं त्याला ते रोजचं होतं. आपल्या आईच्या वहीत ‘मीठ’ एवढंच लिहिलेलं असतं तसं.

बरोबर वाचलं की नाही हे कसं ताडायचं

नुसतं रूपांतर करून भागत नाही, कारण चुकीच्या रूपांतरालाही दशांशापर्यंत उत्तर येतं. ताळा लागतो. आणि इंग्लिश ब्रुअरीच्या वह्यांमध्ये हा ताळा आयता मिळतो, तो म्हणजे ग्रॅव्हिटीचा, म्हणजे पाण्याच्या तुलनेतल्या घनतेचा, रकाना.

त्या रकान्यात मात्र १.०६५ असं काही नसतं. २३.५ असतं. शेजारी ‘पौंड’ लिहिलेलं असेल किंवा नसेल. हे पौंड म्हणजे काय, तर एक बॅरल वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, एक बॅरल साध्या पाण्यापेक्षा किती पौंडांनी जड आहे. १८२४च्या कायद्याने इम्पीरियल गॅलनची व्याख्याच अशी केली की त्यात दहा पौंड पाणी मावावं. बॅरल ३६ गॅलनचा, म्हणून पाण्याचा बॅरल ३६० पौंड. तेव्हा २३.५ भागिले ३६०, म्हणजे ०.०६५, ग्रॅव्हिटी १.०६५, बोलताना १०६५. सोपं करून सांगायचं तर पौंडाला २.७७ने गुणा, म्हणजे हजाराच्या वरचे ६५ मिळतात.

हा २.७७ पाठच करा, कारण तो दोनदा कामाला येतो. बॅरलला एक पौंड हॉप्स म्हणजे लिटरला २.७७ ग्रॅम. हा योगायोग नाही, दोन्हीकडे ‘३६० पौंडांत एक पौंड’ हेच गुणोत्तर आहे. मला हे कळलं त्या दिवशी मी उगाचच दिवसभर खूश होते.

आता ताळा. एक क्वार्टर बऱ्या माल्टमधून ८० ते ९० पौंड अर्क निघतो (याच ग्रॅव्हिटीच्या पौंडांत मोजलेला). माझ्या पानावर ३६ बॅरल गुणिले २३.५, म्हणजे ८४६ पौंड, भागिले १० क्वार्टर, ८४.६. चोख बसलं. म्हणजे क्वार्टरही बरोबर वाचलं, बॅरलही, ग्रॅव्हिटीही. तिन्हीपैकी एक जरी चुकलं असतं तरी हा आकडा वेडावाकडा आला असता.

आणि वेडावाकडा आला की तोच सांगतो कुठे बघायचं. शंभराच्या वर गेला तर बहुतेक वेळा साखर मोजायची राहिली. ब्रुअरीत साखर वापरायला १८४७ साली परवानगी मिळाली आणि १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून तो वर्टच्या ग्रॅव्हिटीवर बसवला, त्यानंतरच्या वह्यांत तर साखर आणि मका सर्रास दिसतात. तेव्हा १८८० नंतरचं पान असेल तर पलीकडचा रकाना बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आकडा निम्म्यावर आला तर गोष्ट जास्त मजेदार असते. एकदा मला १० क्वार्टर माल्ट, १२ बॅरल स्ट्राँग एल, ग्रॅव्हिटी ३३ पौंड असं पान मिळालं. १२ गुणिले ३३, ३९६. क्वार्टरला जेमतेम ४०. निम्मा अर्क गेला कुठे? पान उलटल्यावर सापडला: त्याच माल्टवर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गरम पाणी घालून काढलेल्या फिकट वर्टची २४ बॅरल हलकी बिअर, १८ पौंडांची. ४३२ पौंड. बेरीज ८२८, क्वार्टरला ८२.८. चहाची पत्ती एकदाच उकळून फेकून देणारे ते लोक नव्हते. पहिल्या पाण्याची दाट बिअर, नंतरच्याची पातळ, आणि कधी दोन्हींची हवी तशी सरमिसळ. अशा पानावरचं सगळं माल्ट एकट्या स्ट्राँग एलच्या नावावर घातलंत तर पातेल्यात पाक होईल.

१७८४च्या आधीची कृती असेल तर हा रकाना मिळण्याची आशा फारशी धरू नका. त्या साली जॉन रिचर्डसनने सॅकरोमीटरचं, म्हणजे वर्टची ग्रॅव्हिटी मोजायच्या उपकरणाचं, पुस्तक काढलं आणि त्यानंतर हे उपकरण ब्रुअरींत हळूहळू रुळलं.

गॅलन, बॅरल आणि आपली पिंट

आपल्याकडे बारमध्ये ‘एक पिंट’ म्हटलं की ३३० मिलीची बाटली येते. इंग्लंडमध्ये पिंट ५६८ मिली, अमेरिकेत ४७३. शब्द प्रवास करतो, माप मागे राहतं.

अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटर, इम्पीरियल ४.५४६. पाच गॅलनच्या इंग्लिश कृतीला तुमच्या ॲपने अमेरिकन समजून १८.९ लिटर पाणी धरलं तर २२.७ लिटरची बिअर तेवढ्यात कोंबली जाते आणि वीस टक्के जड होते. ‘कृतीप्रमाणेच केलं तरी फार स्ट्राँग झाली’ या तक्रारीचं कारण दहापैकी आठ वेळा ॲपच्या सेटिंगमध्ये सापडतं, हा माझा अनुभव. अमेरिकन बिअर बॅरलही वेगळा, ३१ अमेरिकन गॅलनचा, म्हणजे ११७ लिटर, इंग्लिश १६३.७. फर्किन, किल्डरकिन, हॉग्जहेड ही नावं भेटली तर अनुक्रमे ९, १८ आणि ५४ गॅलन.

१८२६च्या आधी इम्पीरियल गॅलन वापरात नव्हता, एल गॅलन होता, २८२ घन इंचांचा, ४.६२ लिटर. फरक दोन टक्क्यांहून कमी. याच्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते घरच्या पातेल्यात एवढं बाष्प तर झाकण उघडं राहिल्यानेच उडतं. सोडून द्या. बॅरल मात्र सोडू नका: १८०३पर्यंत लंडनमध्ये एलचा (कमी हॉप्सच्या बिअरचा) बॅरल ३२ गॅलनचा आणि बिअरचा ३६चा होता, आणि लंडनबाहेर दोन्ही ३४चे. इथे फरक बाराएक टक्क्यांचा पडतो.

बिअर गोडच राहिली, आंबलीच नाही

इथे दोषी असते ‘लिकर’. ब्रुअरीच्या भाषेत लिकर म्हणजे दारू नव्हे, पाणी. साधं गरम पाणी. ‘लिकर १७० अंश’ असं लिहिलंय म्हणजे माल्टवर ओतायचं पाणी १७० फॅरनहाइट, ७६.७ सेल्सिअस. ते थंड माल्टवर पडलं की मिश्रणाचं, म्हणजे मॅशचं, तापमान उतरतं. क्वार्टरला दोन बॅरल पाणी आणि खोलीचं तापमान १६च्या आसपास असेल तर ते ६७ सेल्सिअसवर येऊन थांबतं, आणि ६७ला माल्टमधली पाचकद्रव्यं स्टार्चची छान साखर करतात. माझ्यासारखं ७७ अंशांवर अख्खा मॅश तासभर धरून ठेवलात तर ती मरतात, उरते यीस्टला न पचणारी गोडी. चांगल्या वहीत दोन तापमानं असतात, पाण्याचं आणि मॅशचं. एकच असेल आणि ते १६० फॅरनहाइटच्या वर असेल तर ते पाण्याचं समजा.

युरोपातल्या जुन्या कृतीत ‘६० अंश’ दिसलं आणि ते कशालाच जुळत नसेल तर रेओमूर मोजपट्टी आठवा: तिथे पाणी ८० अंशांवर उकळतं. १.२५ने गुणलं की सेल्सिअस, ६०चे ७५. त्याच कृतीत ‘१२ अंश’ किंवा ‘१२ टक्के’ दिसलं तर ते अल्कोहोल नव्हे. प्रागच्या कार्ल बॉलिंगने १८४३ साली लावलेलं ते वर्टमधल्या अर्काचं माप आहे, १२ म्हणजे साधारण १०४८. चेक लोक आजही बिअर ‘दहाची’, ‘बाराची’ अशीच मागतात.

गोडीचं दुसरं कारण माल्ट स्वतः. अठराव्या शतकातल्या पोर्टरच्या (लंडनच्या गडद बिअरच्या) कृतीत सगळंच्या सगळं ब्राउन माल्ट असतं. तेव्हाच्या ब्राउन माल्टमध्ये स्टार्च फोडायची ताकद शिल्लक असे. आज त्याच नावाने मिळणारं माल्ट कडक भाजलेलं असतं, त्यात ती नसते. नुसत्या त्याचा मॅश केलात तर कॉफीच्या रंगाची पेज मिळेल. आयोडीनचा थेंब टाकून बघा, काळानिळा झाला तर स्टार्च तसाच आहे. निम्मं तरी पेल, म्हणजे फिकट, माल्ट घाला. हा काही आजचा जुगाड नाही. सॅकरोमीटर हातात आल्यावर ब्राउन माल्टमधून पैशाच्या मानाने किती कमी अर्क निघतो ते लंडनच्या ब्रुअरना दिसलं आणि तेही पेल माल्टकडे वळले. मग रंग कुठून आणायचा, हा प्रश्न १८१७ साली डॅनिअल व्हीलरच्या काळ्या माल्टच्या पेटंटने सोडवला. म्हणून पोर्टरच्या कृतीचं साल आधी बघा. १८१७च्या आधीच्या कृतीत काळं माल्ट दिसत असेल तर ते कुणीतरी नंतर घुसडलंय.

सगळं बरोबर, तरीही कडू

मग वाट बघा. खरंच, एवढाच उपाय आहे. मुंबई-कलकत्त्याला येणारी पेल एल सुएझचा कालवा १८६९ साली उघडण्याआधी आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने पिंपात हिंदकळत यायची; इंग्लंडात राहणारी साठवणीची बिअरही वर्षभर पिंपात पडून असे. त्या काळात कडवटपणा उतरतो, आणि लाकडात राहणारं एक हळू चालणारं यीस्ट उरलीसुरली साखर खात राहतं. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतल्या क्लॉसेनने १९०४ साली इंग्लिश बिअरमध्येच ते ओळखलं आणि ब्रेटॅनोमायसिस, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असं नाव दिलं. तीन आठवड्यांत बाटली फोडून ‘कडू आहे’ म्हणणं म्हणजे कालच घातलेलं कैरीचं लोणचं आज खाऊन मुरलं नाही म्हणणं.

हॉप्सचं सालही बघा. वहीत हॉप्सच्या नावापुढे बारीक आकड्यांत सुगीचं वर्ष असतं. चालू वर्षाचे निम्मे, गेल्या वर्षाचे निम्मे, असं खूपदा दिसतं, आणि शीतगृहाविना वर्षभर राहिलेल्या हॉप्सचा कडूपणा बराच उतरलेला असतो. आजचे हवाबंद पाकिटातले ताजे हॉप्स त्याच वजनाने घातले तर जास्तच कडू लागणार. मी जुन्या वर्षाच्या वाट्यातून तिसरा हिस्सा कमी करते. अंदाजच आहे, पण जिभेने मान्य केलेला.

माप नसलेली कृती

जॉर्ज वॉशिंग्टनच्या १७५७च्या वहीत हलक्या बिअरची कृती आहे; वही न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे. मोठी चाळणभर कोंडा, चवीपुरते हॉप्स, तीन तास उकळा, ३० गॅलन गाळून घ्या, ३ गॅलन काकवी घाला, रक्तापेक्षा जरासं गरम असताना क्वार्टभर (पाव गॅलन) यीस्ट. चाळण केवढी? हॉप्स किती? कुठला गॅलन? पण तिसाला तीन हे गुणोत्तर आहे, गॅलन कुठलाही असो. दहा लिटरला एक लिटर काकवी. ग्रॅव्हिटी १०३५ ते १०४० येते, हलक्या बिअरला साजेशी. रक्ताची ऊब तेव्हाही ३७ सेल्सिअसच होती. चाळणीचं म्हणाल तर कोंड्यातून अर्क असाही थोडाच येतो, तेव्हा तुमच्या घरातली मोठी चाळण चालेल. जुनी कृती ‘मोघम’ म्हणून टाकून देण्याआधी तिच्यात असं एखादं गुणोत्तर दडलंय का ते शोधा. पुष्कळदा चोख आकड्यांच्या कृतीपेक्षा ती जास्त सरळ निघते.

माझ्या पहिल्या पानाचं तिसऱ्या खेपेला जमलं. घरच्या पातेल्यात ब्रुअरीइतका अर्क निघत नाही म्हणून ५.१७ऐवजी ५.८ किलो माल्ट, १०० ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स, मॅश ६७वर. हायड्रोमीटर १०६३ला तरंगला. बाटल्या जिन्याखाली आहेत आणि ‘पुढच्या ऑक्टोबरपर्यंत हात लावू नये’ अशी चिठ्ठी मी त्यांवर चिकटवली आहे. तिच्याखाली नवऱ्याने पेन्सिलीने लिहून ठेवलंय: इम्पीरियल ऑक्टोबर की अमेरिकन?